आडनाव, नाव, वडिलांचं नाव

भिंग धरून फिती मोजल्या. डावीकडे सात, उजवीकडे सात, खाली मधोमध एक. पंधरा भरल्या आणि मी काकूंना म्हटलं, "हा कागद सप्टेंबर १९५६ च्या आधीचा असणं शक्य नाही." तारखेच्या जागी शाई पार उडाली होती. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अरे, ते तिकडून आले तेव्हा थोरली चालायला लागली होती. म्हणजे बासष्ट."

काकूंचं घर रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या जवळ. काका भिलाईला रेल मिलमध्ये होते. कारखान्यानं त्यांना काही महिन्यांसाठी सोव्हिएत संघात, युक्रेनमधल्या एका पोलाद कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. येताना त्यांनी हा कागद आणला. जाड, मधोमध घडी असलेला, वर लाल निशाण आणि लेनिनचं एका बाजूनं दिसणारं तोंड. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. घरात कोणालाच ती लिपी वाचता येत नाही, म्हणून या कागदाचं नाव पडलं 'रशियाचं सर्टिफिकेट' आणि तो शालूच्या घडीखाली राहिला. फिती मोजल्या त्या दिवसापासून मी असे कागद जिथे दिसतील तिथे बघत आलो आहे, आणि अजूनही प्रत्येक नव्या कागदाशी तासभर सहज जातो.

रायपुरात हा कागद आला कसा, याचं उत्तर तिसेक किलोमीटरवर आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणाऱ्या कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. भाताच्या मुलखात, दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या भरवशावर, जेमतेम चार वर्षांत हे उभं राहिलं. शेकडो सोव्हिएत तंत्रज्ञ इथे राहून गेले आणि इथले तरुण तिकडच्या कारखान्यांत शिकून आले. भिलाईत आजही 'रशियन कॉम्प्लेक्स' हे वस्तीचं नाव टिकून आहे आणि दोन देशांच्या दोस्तीची खूण म्हणून केलेली मैत्री बाग अजून मुलांनी भरलेली असते. माणसं आली-गेली तसे कागदही आले. काकांच्या ट्रंकेत आला तो त्यातलाच एक.

आता कागदावरच्या राजचिन्हातल्या त्या फितींविषयी. सोव्हिएत राजचिन्हात पृथ्वीचा गोल, त्यावर कोयता-हातोडा, खाली उगवता सूर्य आणि दोन्ही बाजूंनी गव्हाच्या ओंब्यांची महिरप असते. ओंब्यांना लाल फीत गुंडाळलेली असते आणि फितीच्या प्रत्येक वेढ्यावर एकेका प्रजासत्ताकाच्या भाषेत तीच घोषणा लिहिलेली असते: जगातल्या कामगारांनो, एक व्हा. त्यामुळे प्रजासत्ताकांची संख्या बदलली की चिन्हावरच्या घोषणांची संख्या बदलायची. १९३६ च्या राज्यघटनेनंतर त्या अकरा झाल्या. बाल्टिक देश आणि इतर प्रदेश सामील झाल्यावर, १९४६ मध्ये, सोळा. जुलै १९५६ मध्ये कारेलो-फिनिश प्रजासत्ताक रशियन प्रजासत्ताकात विलीन केलं गेलं आणि सप्टेंबरात चिन्हावरची एक घोषणा कमी होऊन पंधरा राहिल्या. त्या थेट १९९१ पर्यंत. म्हणजे एका देशाच्या नकाशात काय काय घडलं, हे नखाएवढ्या चित्रातल्या वेढ्यांवरून कळतं, आणि ते कळायला रशियनचं एक अक्षरही यावं लागत नाही. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी घरातली सगळी सोव्हिएत पुस्तकं आणि तिकिटं काढून बसलो होतो.

या कागदाला रशियनमध्ये 'पोच्योतनाया ग्रामोता' म्हणतात. 'पोच्योत' म्हणजे मान. 'ग्रामोता' हा शब्द ग्रीकमधून आला. तिथे 'ग्रामाता' म्हणजे अक्षरं, आणि आपल्याला शाळेत भेटलेलं 'ग्रामर' याच घराण्यातलं. झारनं काढलेली सनद ग्रामोता. अक्षरओळख झालेल्या माणसालाही ग्रामोता येते असंच म्हणायचं. २६ जुलै १९५१ रोजी नोव्गोरोद शहरातल्या उत्खननात भूर्जाच्या सालीवर कोरलेलं एक पत्र सापडलं. पुढे तशी हजाराहून अधिक सापडली. त्यांनाही नाव तेच, भूर्जाच्या ग्रामोता. त्यांत तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या मुलानं गिरवलेली अक्षरं आहेत आणि त्याच सालींवर त्यानं काढलेला घोडेस्वारही आहे. त्या पोराचा गृहपाठ आणि काकांचा सन्मान यांना एका भाषेत एकच शब्द आहे.

रायपुरात राहणाऱ्या माणसाला या कागदाची ओळख करून द्यायला मी महंत घासीदास संग्रहालयात नेईन. १८७५ पासूनचं हे संग्रहालय. या भागात सापडलेल्या ताम्रपटांत शरभपुरीय राजांचे, पाचव्या-सहाव्या शतकांतले पट फार प्रसिद्ध आहेत. अक्षरांच्या डोक्यावर इवल्या चौकोनी पेट्या, कडीला गजलक्ष्मीची मुद्रा. ताम्रपट कसा वाचायचा? आधी मुद्रा बघायची, म्हणजे राज्य कोणतं ते कळतं. मग दान कोणाला दिलं, त्याच्या बापाचं नाव काय, कशासाठी दिलं, कोणत्या वर्षी दिलं. आणि अगदी शेवटी, बऱ्याच पटांवर, ज्यानं अक्षरं कोरली त्या कारागिराचं नाव. ग्रामोता मी ह्याच क्रमानं वाचतो. वर राजचिन्ह, मग नाव, मग कारण, मग तारीख, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापखाना. दीड हजार वर्षांच्या अंतरावरच्या दोन कारभारांना मान लेखी देताना इतक्या सारख्या गोष्टी सुचाव्यात, याचं मला अजून नवल वाटतं.

मधली ओळ मला सगळ्यांत प्रिय आहे. छापील मजकूर येतो 'सन्मानित करण्यात येत आहे, कॉम्रेड' आणि पुढे रिकामी रेघ. त्या रेघेवर रशियन माणूस स्वतःचं नाव कसं लिहितो? आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आपल्या शाळेच्या हजेरीपटात लिहितात तसंच. रशियनमध्ये वडिलांच्या नावाला 'ओविच' किंवा 'येविच' असा प्रत्यय लागतो, मुलीच्या नावात 'ओव्ना' किंवा 'येव्ना'. प्रत्यय सोडला तर रचना मराठीच. ज्या मुलखात माणूस एकाच नावानं किंवा नुसत्या आद्याक्षरानं ओळखला जातो, तिथल्या माणसाचं अशा रकान्यापाशी अडतं. मराठी माणसाचं अडत नाही. काकांच्या कागदावर तिन्ही नावं एका ओळीत, कोण्या कारकुनानं जांभळट शाईत, वळणदार हातानं, पूर्ण लिहिली आहेत.

लिहिताना कारकुनाला थोडा घाम फुटला असणार, कारण रशियन लिपीत आपला 'ह' नाही. काही ठिकाणी तिथे घशातला 'ख' येतो, काही ठिकाणी 'ग', काही ठिकाणी अक्षरच गळतं. नेहरू तिकडे 'नेरू' होतात आणि महाराष्ट्राचा 'माखाराष्ट्रा'. 'भिलाई' लिहायचं तर 'ब' काढून त्यापुढे 'ख' ठेवतात. 'ज'लाही स्वतंत्र अक्षर नाही. 'द' आणि 'झ' जोडून तो करावा लागतो, म्हणून आपला दोन अक्षरी जोशी तिकडे पाच अक्षरं घेतो. घरातल्या आजोबांचं नाव अशा कागदावर शोधायचं असेल, तर ह्या चार गोष्टी पाठ कराव्यात. नाव सापडतं. काकूंनी आपल्या यजमानांचं नाव त्या लिपीत पहिल्यांदा ओळखलं, तेव्हा त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

मान देण्यामागची व्यवस्थाही समजून घ्यायला हवी. सोव्हिएत कारखान्यांत १९२९ पासून 'समाजवादी स्पर्धा' नावाची चळवळ चालली. पाळी पाळीशी, खातं खात्याशी, कारखाना कारखान्याशी ठरवून स्पर्धा करायचा. ३१ ऑगस्ट १९३५ च्या सुमारास अलेक्सेई स्ताखानोव नावाच्या खाणकामगारानं सात टनांचं ठरलेलं काम असताना एका पाळीत १०२ टन कोळसा फोडला. त्याच्या हाताखाली आधाराची लाकडं लावणारे साथीदार होते, हेही सांगायला हवं. पण त्या आकड्यानं देश हलला. मग बक्षिसांची एक शिडीच तयार झाली. सगळ्यांत खाली तोंडी किंवा लेखी आभार. त्यावर ग्रामोता. फाटकाशी मानाच्या फलकावर फोटो. मग बिल्ला, पदक, आणि पार वर 'समाजवादी श्रमवीर' ही पदवी. १९३९ पासून प्रत्येक कामगाराजवळ एक श्रमपुस्तिका असायची आणि तीत अशा गौरवांची नोंद व्हायची. सणही ठरलेले: १ मे, ७ नोव्हेंबरचा क्रांतिदिन, ८ मार्च, शिवाय खाणकामगार, रेल्वेवाले, धातुकामगार यांचे आपापले दिवस. शाळकरी मुलांसाठी वेगळी ग्रामोता होती. तीत उत्तम प्रगतीच्या जोडीला आदर्श वर्तनाचा उल्लेख असायचा.

यामुळे असे कागद अमाप छापले गेले. म्हणूनच संग्राहकांच्या बाजारात साध्या ग्रामोतेला फार मोल येत नाही, आणि माझ्या मते हेच भाग्य आहे. पदकांच्या मागे पैसा लागतो आणि पैशामागे बनावट माल येतो. आजच्या रशियात सोव्हिएत राज्य पदकांची खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा आहे; साध्या ग्रामोतेला तो धाक नाही. पदकावर बहुधा नुसता क्रमांक असतो, आणि पुष्कळ पदकांवर तोही नसतो. ग्रामोतेवर माणूस असतो: त्याचं नाव, त्याचं खातं, त्यानं काय केलं ते.

सह्या बघा. कारखान्याच्या ग्रामोतेवर बहुतेक वेळा तीन असतात. एक संचालकाची, एक पक्षाच्या समितीच्या चिटणीसाची, एक कामगार संघटनेच्या अध्यक्षाची. या तिघांना कारखान्यात 'त्रेउगोल्निक' म्हणायचे, म्हणजे त्रिकोण. कामगार तरुण असला तर चौथी सही युवक संघटनेची. सह्यांवर गोल शिक्का, त्यात कारखान्याचं पूर्ण नाव. एका कागदावर त्या देशाचा सगळा कारभार मांडलेला असतो: उत्पादन कोण बघतं, विचार कोण बघतो आणि कामगारांच्या वतीनं कोण बोलतं.

सगळ्यांत मोठा खजिना मात्र तळाच्या ओळीत असतो, जी कोणी वाचत नाही. सोव्हिएत छापखान्याला जवळजवळ प्रत्येक छापील वस्तूवर स्वतःचा हिशोब द्यावा लागे. छापखान्याचं नाव, 'झाकाझ' म्हणजे कामाचा क्रमांक, 'तिराझ' म्हणजे किती प्रती काढल्या, कधी वर्ष, कधी कोपेकांत किंमत. उत्तम प्रतीचे कोरे कागद 'गोझ्नाक' या सरकारी छापखान्यातून यायचे, जिथे नोटा छापतात तिथूनच. अनेक कागदांवर एक अक्षर आणि काही आकडे असा आणखी एक क्रमांक सापडतो. तो १९२२ मध्ये स्थापन झालेल्या 'ग्लावलित' या सेन्सॉर खात्याच्या परवानगीचा. कामगाराला शाबासकी देणारा कोरा नमुनाही सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेला असायचा.

ही ओळ बनावटही पकडून देते. न भरलेले कोरे कागद आज सहज मिळतात, आणि कोणीतरी त्यावर मोठं नाव लिहून विकतं. तळाशी १९७२ चा छाप आणि वर १९६५ ची तारीख, असा कागद खरा असणार नाही.

चित्रावरूनही काळ कळतो. लेनिन आणि स्तालिन एकापुढे एक, अशी दोन तोंडं दिसली तर कागद बहुधा फेब्रुवारी १९५६ च्या आधीचा. त्या महिन्यात पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात ख्रुश्चेव यांनी स्तालिनच्या राजवटीवर टीका केली आणि त्यानंतर तोंड एकच उरलं. कोपऱ्यात कृत्रिम उपग्रह असेल तर ऑक्टोबर १९५७ नंतरचा. गावांची नावंही कामाला येतात. मारिउपोल १९४८ ते १९८९ या काळात झ्दानोव होतं. दोनेत्स्क १९६१ पर्यंत स्तालिनो होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्तालिनग्रादचं वोल्गोग्राद झालं. ज्या अण्णाभाऊ साठ्यांनी स्तालिनग्रादचा पोवाडा रचला आणि मुंबईच्या गिरणगावात गाजवला, ते सोव्हिएत संघात गेले तेही १९६१ मध्येच. कागदावर 'स्तालिनग्राद' दिसलं की मला कारखान्याच्या आधी डफ आठवतो.

युक्रेनमधल्या कागदांवर मजकूर पुष्कळदा दोन भाषांत असतो, डाव्या पानावर युक्रेनियन आणि उजव्या पानावर रशियन. काकांचा तसाच आहे. तिथल्याच पोलाद कारखान्यांपैकी मारिउपोलचा अझोवस्ताल २०२२ च्या युद्धात उद्ध्वस्त झाला. तिथल्या कार्यालयात अशा कागदांच्या स्थळप्रती असतील, तर त्या आता कुठे असणार? दुसरी प्रत भारतातल्या एखाद्या ट्रंकेत असू शकते.

आणि अशा ट्रंका फक्त भिलाईच्या आसपास नाहीत. पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीनं उभी राहिली. तिथे ५९ सोव्हिएत तज्ज्ञ येऊन गेले आणि इथले अध्यापक तिकडे शिकून आले. १९६० मध्ये मॉस्कोत सुरू झालेल्या आणि पुढे पात्रिस लुमुंबांचं नाव मिळालेल्या विद्यापीठातून कितीतरी भारतीय मुलं डॉक्टर, इंजिनिअर होऊन परतली. त्यांच्या पदव्यांत बहुतेकांचं कव्हर निळं आणि उत्तम गुण मिळवणाऱ्यांचं लाल असे. आजही रशियात 'लाल डिप्लोमा' म्हटलं की लोकांना कळतं. 'सोव्हिएत लँड' नियतकालिकाची गुळगुळीत पानं आपल्यापैकी अनेकांच्या वह्यांना कव्हर म्हणून चढली. त्याच्या नावानं दिला जाणारा नेहरू पुरस्कार १९७३ मध्ये नारायण सुर्वे यांना मिळाला. चित्रकलेच्या स्पर्धेत निवडलेली मुलं क्रिमियातल्या आर्तेक शिबिराला जायची आणि तिथून बिल्ले-कागद घेऊन यायची. या सगळ्यांच्या घरी काहीतरी आहे. त्यातलं किती रद्दीत गेलं असेल, याचा विचार केला की जीव हळहळतो.

म्हणून ज्याच्या घरी असा कागद आहे त्याला कळकळीनं सांगतो. लॅमिनेशन करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा पडत जातो. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी तपकिरी होतो आणि अक्षरं खातो. टाचणी, जेम क्लिप काढून टाका, पावसाळ्यात त्यांचा गंज उतरतो. भिंतीवर उन्हात टांगू नका, जांभळी शाई उडून जाते. काकांच्या कागदाची तारीख अशीच गेली. सुरुवातीची काही वर्षं तो पुढच्या खोलीत, खिडकीसमोर लावलेला होता. सपाट ठेवा, दोन्ही बाजूंना स्वच्छ पांढरा कागद घाला, वर्षातून एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा. चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि तळाच्या ओळीचा वेगळा, जवळून काढा.

आणि घरातलं वडीलधारं माणूस अजून बोलतं आहे तोवर त्याला विचारा. छापखान्याच्या क्रमांकावरून कागदाचं वय कळतं, पण तिकडच्या थंडीत काकांना कोणी कोट दिला आणि ते कोणाच्या घरी जेवायला जायचे, हे फक्त काकूंना माहीत होतं.

त्या दुपारी त्यांनी सांगितलं तेवढं मी एका कोऱ्या कागदावर शिसपेन्सिलीनं उतरवलं आणि ग्रामोतेबरोबर ठेवलं. वर काकांचं आडनाव, नाव, वडिलांचं नाव. खाली: रेल मिल, भिलाई. परत आले १९६२ मध्ये. थोरली तेव्हा नुकती चालायला लागली होती.